मिलची हजेरी अजून घ्यायची राहिली आहे

खांडबारा, ता. नवापूर, जि. नंदुरबार

प्रति,
मा. कुलगुरू,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ,
जळगाव

विषय : अमळनेरच्या प्रताप मिलचा आणि खानदेशातल्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांचा इतिहास, कामगार हयात आहेत तोवर गोळा करण्याबाबत

महोदय,


मी खांडबाऱ्याची एक निवृत्त शिक्षिका. आमच्या गावात कापडाची गिरणी नाही. इथे बाजार भरतो, आजूबाजूच्या पाड्यांवरची मावची आणि गावीत माणसं त्या दिवशी गावात येतात, आणि दिवसरात्र गाड्या जातात. मग खांडबाऱ्याच्या बाईनं अमळनेरच्या मिलबद्दल पत्र का लिहावं, असं आपल्या मनात येईल. त्याचं उत्तर स्टेशनवर आहे. नवापूर, चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर ही सगळी एकाच दोरीत ओवलेली गावं. त्या दोरीचं एक टोक सुरतेत आणि दुसरं जळगावात. अमळनेरच्या मिलची गोष्ट या दोरीवरून आली आणि, पुढे सांगते तशी, याच दोरीवरून परत गेली. जाताना ती आमच्या फलाटासमोरून गेली.

आणखी एक कारण घरचं आहे. माझ्या आईचे वडील खानदेशातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा लूम. आयुष्यभर त्या खडखडाटात राहिल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, पण समोरच्याचे ओठ वाचून ते सगळं समजून घ्यायचे. लहानपणी आम्हा नातवंडांना ही जादू वाटायची. साचेखात्यातली सगळीच माणसं एकमेकांशी अशी बोलत, हे फार उशिरा कळलं. घरात त्यांचा एक पितळी बिल्ला होता. त्यावर नाव नव्हतं, आकडा होता. आजी तो बिल्ला देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवायची आणि संध्याकाळी घड्याळ न बघता विचारायची, "भोंगा वाजना का?" त्या बिल्ल्याच्या आकड्यासमोर कुठल्यातरी हजेरीपुस्तकात आजोबांचं नाव लिहिलेलं असणार. हे पत्र त्या पुस्तकाबद्दल आहे.

प्रताप मिलची स्थापना १९०६ सालची. पण तिची कूळकथा त्याआधी चाळीसेक वर्षं सुरू होते, आणि तीही सातासमुद्रापलीकडे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतला कापूस मँचेस्टरला पोचेनासा झाला आणि इंग्रजांना एकाएकी खानदेश-वऱ्हाडची काळी जमीन आठवली. कापसाला सोन्याचा भाव आला. सरकारी अधिकारी हिंगणघाटचं बी आणून खानदेशी शेतकऱ्याच्या हातात देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला आणि चढत्या भावावर कर्ज काढलेली माणसं बुडाली. कापसाची शेती मात्र राहिली. मागोमाग सरकी वेगळी करणारी जिनं आली, रुई दाबून गठाणी बांधणारे प्रेस आले, आणि १८७० च्या दशकात मूळजी जेठा यांच्या पेढीनं जळगावला खानदेश मिल उभी केली. तोवर खानदेशचा कापूस गठाणीतून बाहेर जायचा आणि कापड होऊन परत यायचा. मधला नफा ज्याचा त्याच्या गावी राहायचा.

विसावं शतक उजाडता उजाडता सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरला पोचली. तिचा कारभार मुंबईची किलिक निक्सन कंपनी पाहत होती. अमळनेरला ती जळगावहून आलेल्या जीआयपी रेल्वेच्या फाट्याला मिळाली. बोरी नदीकाठचं, सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी ओळखलं जाणारं हे गाव अशा रीतीनं दोन रेल्वे कंपन्यांच्या गाठीवर आलं. कापड गिरणीला लागतं तरी काय? जवळ कापूस, बॉयलरला कोळसा आणि पाणी, राबणारी माणसं, आणि तयार माल बाजारात नेणारी गाडी. रूळ आले आणि यातलं जे कमी होतं ते भरून निघालं. मोतीलाल माणेकचंद, ज्यांना सगळा खानदेश श्रीमंत प्रतापशेठ म्हणून ओळखतो, त्यांनी हे हेरलं. पुढे याच घराण्याच्या नावानं धुळ्याला न्यू प्रताप मिल निघाली आणि चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल उभी राहिली. खानदेशात गिरण्यांचा एक चौकोन तयार झाला.

महोदय, आपल्याकडे मोठ्या उद्योगपतीचा इतिहास लिहिला जातो तो इथपर्यंत. स्थापना, दूरदृष्टी, दातृत्व, मग तैलचित्र. प्रतापशेठांच्या बाबतीत दातृत्वाचा भाग खरोखर मोठा आहे आणि तो मी मुळीच कमी लेखत नाही. १९१६ साली त्यांच्या पैशांतून अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. एका तालुक्याच्या गावात, कापडाच्या नफ्यावर, शंकराचार्यांपासून कांटपर्यंत सगळ्यांचा अभ्यास करणारी संस्था. घनश्यामदास रतनमल मलकानी तिथे वर्षानुवर्षं होते. बंगालमधले थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात तिचे प्रमुख होते. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ साली एक इंग्रजी ग्रंथ काढला, त्याचं नावच 'अज्ञान'. अद्वैत वेदान्तातल्या अविद्येवरचा तो वाद आजही तत्त्वज्ञानाचे अभ्यासक उघडून बघतात. तरुण साने गुरुजीही या मंदिरात काही काळ अभ्यास करत होते. १९४५ साली प्रताप महाविद्यालय सुरू झालं. तेच नाव शाळेला, महाविद्यालयाला आणि तत्त्वज्ञान केंद्राला मिळालं. २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेही प्रताप महाविद्यालयाच्या आवारात.

म्हणजे साचेखात्यातल्या घामाचं रूपांतर अविद्येच्या चर्चेत झालं, हे खरं. आणि ते सुंदरही आहे. पण ज्यांच्या घामाचं झालं त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? तिथे आपलं अज्ञान वेदान्ती नाही, साधं आहे. ते दूर करायला श्रुतिप्रामाण्य लागत नाही, वही आणि पेन्सिल पुरते.

गिरणीच्या आतलं जग कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो. माझ्या वर्गातल्या मुलांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून थोडक्यात सांगते. गठाणी फोडून रुई ब्लो रूममध्ये पिंजली जायची. कार्डिंगला तंतू विंचरून त्यांचा पेळू निघायचा. ड्रॉइंग आणि रोविंगमधून तो पेळू बारीक होत जायचा आणि रिंग फ्रेमवर त्याला पीळ बसून सूत व्हायचं. ताण्याच्या सुताला कांजी लावायची, म्हणजे ते साच्यावर तुटत नाही. मग साचा, ताण्यातून इकडून तिकडे धावणारा धोटा, आणि शेवटी घडी घालून शिक्का मारलेलं कापड. वाचताना सगळं गुळगुळीत वाटतं. प्रत्यक्षात सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. खानदेशी उन्हाळ्यात बाहेर लू आणि आत वाफ. धोट्याच्या बारीक भोकातून नवं सूत ओढायचं तर बऱ्याच गिरण्यांत कामगार ते तोंडानं खेचून घेत. कार्डिंगच्या धुळीनं छाती भरून यायची आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त. डॉक्टरांनी या रोगाला बिसिनोसिस नाव दिलं. कामगारांना नाव माहीत नसलं तरी वार माहीत होता.

प्रताप मिल सुरू झाली तेव्हा मोठ्या पुरुष माणसानं दिवसाला किती तास राबावं याला कायद्याची मर्यादाच नव्हती. १९११ च्या कायद्यानं ती बारा तासांवर आणली, १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा, आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर १९४६ च्या दुरुस्तीनं दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. हे चार आकडे मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवायचे आणि विचारायचे, एकेक तास कमी व्हायला किती वर्षं लागली? गणित सोपं होतं. पण त्या वजाबाकीत संप होते, उपास होते, गोळ्या होत्या. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. पुढे ते खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या प्रश्नांत उतरले, १९३८ साली त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. ज्या गावात कापडाच्या पैशांतून विद्या उभी राहिली त्याच गावात एक शिक्षक कापड विणणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहिला. १९४६ साली अमळनेरमध्ये गिरणी कामगारांवर गोळीबार झाला आणि त्यात कामगार मारले गेले. स्वातंत्र्य तेव्हा एका वर्षावर आलं होतं.

नंदुरबारला आम्ही मुलांना शिरीषकुमारचं स्मारक दाखवायला न्यायचो. १९४२ च्या सप्टेंबरात तिरंगा हाती घेऊन गोळी झेललेला तो शाळकरी पोरगा आमच्या जिल्ह्याचा प्राण आहे, त्याची गोष्ट लहान मूलही सांगतं. अमळनेरच्या गोळीबाराची गोष्ट तशी कुणी सांगत नाही, कारण ती सांगायची तर कामगाराची मजुरी, महागाई, युनियन, मालक असं सगळं सांगावं लागतं. हुतात्मा समजायला सोपा असतो, पगारपत्रक समजायला कठीण.

अमळनेरच्याच मातीत दुसरी एक गोष्ट उगवली आणि ती जगानं ऐकली. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा धुण्याचा साबण इथे निघायचा. पुढे अझीम प्रेमजींच्या हाती ती विप्रो झाली, आणि फार पूर्वी ज्यांनी तिचे शेअर घेऊन ठेवले होते अशी अमळनेरची साधी माणसं श्रीमंत झाली. वर्तमानपत्रं ही गोष्ट पुन्हा पुन्हा छापतात आणि ती आहेच छापण्यासारखी. मला तीत एक गोष्ट खटकते ती इतकीच, की शेअरचा कागद जपून ठेवला तर त्याची किंमत मिळते हे सगळ्या गावाला कळलं. हजेरीपुस्तकाचा कागद जपावा असं मात्र कुणाला वाटलं नाही. एकाच गावातले, एकाच काळातले दोन कागद. एकाला भाव आहे, दुसऱ्याला नाही.

गिरण्या का बुडाल्या याची एकोळी उत्तरं सगळ्यांच्या तोंडी असतात. कुणी म्हणतं युनियननं बुडवल्या, कुणी म्हणतं मालकांनी खाल्ल्या. खरं कारण एक नाही. स्वातंत्र्याआधीची यंत्रं तशीच ओढत राहिली. नफा दुसऱ्या धंद्यात गेला. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सुरत इथल्या यंत्रमागांना कमी कर आणि कमी मजुरी लागायची, त्यांच्या कापडापुढे गिरणीचं कापड महाग पडू लागलं. सुती धोतर-साडीच्या जागी टेरिलीन आणि पॉलिएस्टर आलं. सरकारनं १९६६ साली राज्यात वस्त्रोद्योग महामंडळ काढलं, १९६८ ला केंद्राचं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ आलं, १९७४ च्या कायद्यानं देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यांत चाळीसगावची लक्ष्मीनारायण आणि धुळ्याची न्यू प्रताप होती. पाट्या बदलल्या, चाळीसगाव टेक्स्टाईल मिल आणि धुळे टेक्स्टाईल मिल अशी नवी नावं लागली. आजार बरा झाला नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं जी गिरणी चालण्यासारखी नाही तिला बंद होऊ द्यावं असं मान्य केलं. एकेक भोंगा थांबला. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर आता खानदेश सेंट्रल नावाचं संकुल आहे. अमळनेरची प्रताप मिलही बंद झाली.

मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा अवघ्या महाराष्ट्राला कळलं. १९८२ चा संप झाला, कादंबऱ्या झाल्या, नाटकं आणि सिनेमे झाले. १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले, २००१ ला तो नियम बदलला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांच्या तोंडून तो इतिहास लिहून काढला, २००४ साली ते पुस्तक आलं. ते फार मोलाचं काम आहे. पण एक कडू गोष्ट बोलून दाखवते. मुंबईतल्या गिरण्यांची एवढी चर्चा झाली त्याला कामगारांच्या संख्येइतकंच तिथल्या जमिनीचं मोलही कारण होतं. परळच्या एकरासाठी भांडायला सगळे आले. खानदेशातल्या मिलच्या जागेला तसा भाव नव्हता, म्हणून भांडण झालं नाही, आणि भांडण झालं नाही म्हणून कागद झाले नाहीत. जमीन स्वस्त असली की तिच्यावर घडलेला इतिहासही स्वस्तात जातो.

आता परतीच्या प्रवासाकडे येते.

खानदेशातले भोंगे थांबत होते त्याच वर्षांत सुरतेत कृत्रिम धाग्याचे माग वाढत होते. ज्या रुळांनी अमळनेरच्या मिलला कोळसा आणि बाजार दिला होता, त्याच रुळांवरून खानदेशची माणसं सुरतेला निघाली. आज सुरतेच्या उधना, लिंबायत भागात फिरलात तर कानावर अहिराणी पडते, गल्ल्यांत खानदेशी दुकानं दिसतात. आमच्या नवापूर तालुक्यातून ऊसतोडीला बारडोलीच्या बाजूला जाणारी कुटुंबं वेगळी, मागावर जाणारी पोरं वेगळी. खांडबाऱ्याच्या फलाटावर मी दोन्ही पाहिली आहेत. एकाच्या हातात कोयता आणि गाठोडं, दुसऱ्याच्या खांद्यावर बॅग आणि कानात गाणं. दोघांचं तिकीट एकाच दिशेचं.

एकदा आठवीच्या वर्गात औद्योगिक क्रांती शिकवत होते. जेनी, वॉटरफ्रेम, मँचेस्टर, सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. दोन वर्षं आईवडिलांबरोबर सुरतेत राहून तो नुकताच परत आला होता, आणि वर्गात तो फारसा कधी बोलायचा नाही. म्हणाला, "बाई, ताना तुटला तर मशीन आपोआप थांबते. पण गाठ मारायला माणूसच लागतो. माझे बाबा तेच करतात." मग फळ्यापाशी येऊन त्यानं गाठ कशी मारतात ते हवेत बोटं फिरवून दाखवलं. डोळे मिटले असते तरी मला कळलं असतं, कारण माझे आजोबा म्हातारपणी बोलता बोलता धोतराच्या सोग्याचे धागे असेच गाठत बसायचे. दोन पिढ्या, दोन शहरं, एकच गाठ. माझ्याजवळच्या पुस्तकात त्या गाठीबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणून हे पत्र आपल्याला. मंत्रालयाला लिहून मिलच्या आवाराला वारसास्थळाचा फलक मागता आला असता. फलक लागले तर आनंदच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावात १९७८ साली जुन्या कापड गिरण्यांचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. यादवी युद्धात कापूस न मिळाल्यामुळे ज्या गावाचे माग थंडावले होते, ते हे गाव. त्याच युद्धानं आमच्या काळ्या जमिनीत कपाशी वाढवली. तिथे आज प्रेक्षकांना चालते साचे दाखवतात आणि गिरणीतल्या मुली ज्या खोल्यांत राहायच्या त्या खोल्याही दाखवतात. आपल्याकडे यंत्रं भंगारात गेली आणि चिमण्यांचं पुढे काय करायचं ते इंजिनीअर ठरवतील. माणसांचं काय करायचं ते ठरवायला मात्र विद्यापीठ लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे आपल्या कक्षेत आहेत. गिरण्यांचा चौकोन, त्यांना कापूस देणारी शेतं आणि सुरतेला माणसं देणारे पाडे, सगळे. आणि विद्यापीठाला नावही असोद्याच्या एका शेतकरी बाईचं आहे. जिचं शब्दांचं धन कागदावर उतरवून घेणारं कुणी घरातच होतं, म्हणून ते महाराष्ट्राला मिळालं. उतरवून घेणारं कुणी नसतं तर काय झालं असतं, याचा विचार आपल्याइतका दुसऱ्या कुठल्या विद्यापीठानं करायला नको.

खानदेशला कागद गोळा करण्याची परंपरा नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून, माळ्यावरची आणि अडगळीतली दप्तरं शोधून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं जमवत राहिले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात त्यांनी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांना माळ्यावर पेशव्यांची पत्रं सापडली. आज अमळनेर, धुळे, चाळीसगावच्या माळ्यांवर, पत्र्याच्या ट्रंकांत, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर वेगळी दप्तरं आहेत. पितळी बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीची पत्रं, मिलच्या दारातला ग्रुप फोटो. वारस घर रंगवायला काढतात तेव्हा हेच आधी भंगारवाल्याच्या गाडीवर जातं.

मागणी तीन गोष्टींची आहे.

पहिली, इतिहास, समाजशास्त्र आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून ही माणसं द्यावीत. एका विद्यार्थ्यानं एका कामगाराशी बोलायचं, तेही त्याच्या बोलीत, अहिराणी असेल तर अहिराणीत, आणि ते ध्वनिमुद्रित करून तसंच उतरवायचं. प्रमाण मराठीत 'सुधारून' नव्हे. मिलमध्ये कायम असलेल्यांबरोबर बदली कामगारांनाही शोधावं. बदलीवाला रोज पाळीच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा राहायचा. कुणी कायम कामगार आला नाही तरच त्याला आत घ्यायचे. एकाची गैरहजेरी ही दुसऱ्याची भाकरी होती, आणि हजेरीपुस्तकाच्या बाहेर उभं राहून त्यानं आयुष्य काढलं. वाइंडिंग-रिळिंगच्या खात्यांतल्या बायका, जिनांत सरकी-रुई उचलणाऱ्या बायका, यांच्याकडे तर आधी जावं, कारण त्यांना 'तुम्ही काय काम करायचा' हे आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं की त्या प्रथम म्हणतील, "काही नाही." तिथे उठू नये, चहा होईपर्यंत बसावं.

दुसरी, शब्द. मुंबईच्या गिरण्यांत सूत कातण्याच्या खात्याला त्रासन म्हणत. इंग्रजी थ्रॉसलचा तो मराठी संसार, आणि त्रास या शब्दाच्या इतका जवळचा की कुणाला शंका येऊ नये. खात्याखात्यातले असे शब्द खानदेशी जिभेवर आणखी वेगळे वळले. कपाशीच्या वाणांची नावं त्यांच्या जोडीला आहेत. एनआर, जरीला, विरनार ही नावं जुन्या शेतकऱ्यांना नातेवाईकांसारखी आठवतात. शेतापासून साच्यापर्यंतचा एक छोटा कोश तीन जिल्ह्यांतले विद्यार्थी दोन वर्षांत करू शकतील.

तिसरी मागणी थोडी अडचणीची आहे. मिलचा इतिहास मिलच्या फाटकाशी संपवू नये. सुरतेला गेलेल्यांपर्यंत तो न्यावा. सुरत दुसऱ्या राज्यात आहे, आपल्या कक्षेबाहेर. पण नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, आणि आमची माणसं एका बाकावर बसून दोन्ही राज्यांत पाय ठेवतात. विद्यार्थ्यांनाही ते जमेल.

या कामाला इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. ज्यांनी दुसऱ्या पाळीत साचा चालवला ती माणसं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. घाई करायला एवढं एकच कारण पुरे आहे.

आम्हा शिक्षकांच्या धंद्यातला एक नियम आपल्याला सांगते. मूल चार महिने आलं नाही, ऊसतोडीला गेलं, तरी हजेरीपटावरून त्याचं नाव आपण आपल्या मनानं काढत नाही. पालक दाखला काढून नेतात तेव्हाच नाव कमी होतं. तोवर गुरुजी रोज ते नाव वाचतात, कुणी उत्तर देवो न देवो. गिरण्या बंद झाल्या तेव्हा कुणालाच असा दाखला मिळाला नाही. म्हणजे आमच्या हिशेबानं ती नावं अजून पटावर आहेत.

मी माझ्यापुरती दोन वह्या भरल्या आहेत. एकीत आजोबांबद्दल आईकडून आणि मावशीकडून ऐकलेलं, दुसरीत सुरतेहून परत आलेल्या माझ्या सात माजी विद्यार्थ्यांचं बोलणं. अक्षर बरं आहे. आपला एखादा विद्यार्थी खांडबाऱ्याला उतरला तर स्टेशनवरून चालत घरी येईल इतक्या अंतरावर मी राहते. वह्या देईन, बिल्ला दाखवीन. बिल्ल्यावरचा आकडा त्यानं लिहून घ्यावा आणि जिथे कुठे ते हजेरीपुस्तक सापडेल तिथे त्या आकड्यासमोरचं नाव वाचून मला कळवावं. नाव मला माहीत आहे. तरी कुणीतरी ते मोठ्यानं वाचावं, एवढीच इच्छा आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
खांडबारा